शहाऐंशी किलोचा गिअरबॉक्स: कुपवाड ते डेहराडून

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या चार-पाच लहान वर्कशॉपचे हिशोब मी बघतो. त्यातल्याच एका गॅरेजचं हे प्रकरण. नावं काढून टाकली आहेत, रकमा त्यांच्या वहीतल्याच आहेत. मालकांना सगळे आबा म्हणतात, म्हणून इथंही आबाच म्हणतो. ऑनलाइन विक्रीचं सगळं त्यांचा पुतण्या बघतो.

पार्श्वभूमी

आबांचा जीव जुन्या जीपमध्ये. एके काळी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात साखर कारखान्याचा चेअरमन, शेती अधिकारी, सोसायटीचा सेक्रेटरी असे सगळे महिंद्राच्या जीपनंच फिरायचे. त्या गाड्या लिलावात निघाल्या तेव्हा आबांनी एकेक करत उचलल्या आणि सुटे भाग काढून ठेवले. आज त्यांच्या शेडमध्ये जीपचे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, पुढचे अॅक्सल असे लोखंडाचे ढीग आहेत. सांगलीत त्यांना गिऱ्हाईक उरलेलं नाही. गिऱ्हाईक आहे ते उत्तराखंडात, हिमाचलात, आसामच्या चहाच्या मळ्यांत, म्हणजे जिथं फोर-व्हील जीप अजून रोज कामाला जुंपली जाते तिथं.

पुतण्यानं फोटो टाकले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये डेहराडूनहून फोन आला. हवा होता एक गिअरबॉक्स, मागं जोडलेल्या ट्रान्स्फर केससकट (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा डबा), ओव्हरहॉल केलेला. सौदा टॅक्ससकट ५२,००० रुपयांना ठरला, भाडं गिऱ्हाइकाचं. आबांनी बेअरिंगं, सील, सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणूनच्या) नव्या घातल्या. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर वजन भरलं ८६ किलो.

पहिली रवानगी

पॅकिंग पुतण्यानं केलं, गावात सगळे करतात तसंच. ऑइल काढलं, तरटात गुंडाळलं, दोन बाजूंनी स्कूटरचे जुने टायर चढवले आणि वरून बाइंडिंग तार आवळली. खर्च २५० रुपये. गिअरचा लिव्हर आणि ट्रान्स्फर केसचे दोन छोटे लिव्हर तरटाबाहेर डोकावत होते. ते काढावेत असं कुणाच्या मनातही आलं नाही.

बिलावर अडलं. पुतण्याच्या हिशोबानं माल ४४,०६८ रुपयांचा, म्हणजे ५० हजारांच्या आत, त्यामुळे ई-वे बिल (माल रस्त्यानं नेताना लागणारी जीएसटीची ऑनलाइन नोंद) नको. ट्रान्स्पोर्टच्या खिडकीवर कळलं की मर्यादेसाठी टॅक्स धरूनच किंमत मोजतात. ७,९३२ रुपये टॅक्स मिळवला की होतात ५२,०००, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ५० हजारांच्या वर ई-वे बिल लागतंच. (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे, म्हणून सोलापूरला माल पाठवताना हा प्रश्न कधी आला नव्हता.) खिडकीवरच्या माणसानं सल्ला दिला, "बिल कमी करा की, कशाला भानगड." पुतण्यानं तिथंच मोबाइलवर २५,००० चं बिल केलं. बिल्टी, म्हणजे ट्रान्स्पोर्टची पावती, टू-पे (भाडं माल घेणाऱ्यानं द्यायचं), माल मालकाच्या जोखमीवर, भाडं १,९०० रुपये.

मला हे तीन आठवड्यांनी कळलं. बँकेत ५२ हजार जमा आणि विक्रीत २५ हजार, एवढं दिसल्यावर कुठल्याही हिशोबनिसाच्या कपाळावर आठी येईल. पण तोवर याहून मोठं काही घडून गेलं होतं.

काय बिघडलं

चौदाव्या दिवशी व्हिडिओ आला. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस जिथं एकमेकांना जोडतात, तिथला गिअरबॉक्सकडचा फ्लॅन्ज (बोल्ट लावायची कड) तडकला होता आणि एक कान पूर्ण निघाला होता. वरचा लिव्हर वाकलेला. आतले गिअर मात्र शाबूत.

कवच बिडाचं असतं. बीड दाबाला दगडासारखं टिकतं, पण आपटलं की काचेसारखं जातं. लवत नाही, पोचा पडत नाही, थेट तडकतं. याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला १९१० पासून बिडाचे नांगर आणि पुढं पंप ओतले गेले, फाउंड्रीत काम केलेलं माणूस इथं गल्लीगल्लीत सापडतं. तरीही पॅकिंग करताना आम्ही बिडाला लोखंड समजतो. त्यात हा माल दोन जड तुकडे एका जोडावर धरलेला. एक टोक खाली आपटलं की दुसऱ्याचं सगळं वजन पहारीसारखं त्या जोडावर येतं. तडा नेमका तिथंच होता.

दुसरं लफडं तेलाचं. ड्रेन प्लग काढून अर्धा तास ठेवलं म्हणजे गिअरबॉक्स रिकामा झाला असं होत नाही. गिअर ऑइल काकवीसारखं असतं, खोबणीत, बेअरिंगच्या मागं बसून राहतं आणि वाटेत गाडी हलली की लिव्हरच्या भोकातून, शाफ्टच्या बाजूनं पाझरतं. ते पाझरलं शेजारच्या इचलकरंजीच्या कापडाच्या गठ्ठ्यावर. त्या ऑइलचा वास ज्याला माहीत आहे त्याला कापडवाल्याचा राग समजेल. ट्रान्स्पोर्टवाल्यानं नुकसानीची मागणी आबांकडंच पाठवली.

आणि गिऱ्हाइकानं माल उतरवून घेताना पोचपावतीवर सही केली होती, शेरा न मारता. तरट तेव्हा उघडलंच नव्हतं.

भरपाईचं काय

रस्त्यानं माल वाहणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे आणि त्याखाली २०११ चे नियम. वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. जास्त किंमत जाहीर करून, जादा दर भरून जोखीम वाहकावर टाकता येते. आमच्या बाबतीत १,९०० चे दहापट, म्हणजे फार तर १९,०००. बिल २५ हजारांचं केल्यामुळे ५२ हजारांची जोखीम लिहून देण्याची वाट पुतण्यानं स्वतःच बुजवली होती. वर "पॅकिंग अपुरं" हे उत्तर तयार आणि पोचपावती स्वच्छ.

बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस दिली असती तर दावा जिवंत राहिला असता. मी आबांना तसं सांगितलं. आबा म्हणाले, "सर, नोटीस देऊन उद्या माल कुणाकडं टाकू?" सांगलीहून उत्तरेकडं सुटा माल घेणारे मोजकेच, हे खरं. शेवटी त्यांनी तोंडी मिटवलं: आबा भरपाई मागणार नाहीत, ट्रान्स्पोर्टवाला कापडाचं मागणार नाही. हा निर्णय मला पटला नव्हता, अजूनही पूर्ण पटलेला नाही. पण धंदा त्यांचा.

गिऱ्हाईक भला निघाला. पैसे परत मागितले नाहीत, दुसरा पाठवा म्हणाला. फुटलेला परत आणण्यात अर्थ नव्हता, परतीचं भाडं आणि भंगाराचा भाव यांत फरक फारसा नव्हता. त्यातले गिअर आणि शाफ्ट त्यानं सुटे भाग म्हणून ८,००० रुपयांना ठेवून घेतले.

समोरचे पर्याय

आबांच्या शेडमध्ये तसाच दुसरा गिअरबॉक्स होता. पाठवायचा कसा, यावर दोन दिवस चहा झाला.

पोस्ट पहिल्याच फटक्यात बाद. स्पीड पोस्टला एका नगाची मर्यादा ३५ किलो. सरफेस कुरिअरनं दारापर्यंत ६,४०० रुपये सांगितले आणि वर अट घातली की यंत्राचा भाग असेल तर बंद लाकडी खोकं हवं.

रेल्वेचा विचार जास्त झाला, कारण मिरज जंक्शन जवळच आणि गोवा एक्सप्रेस मिरजेवरून थेट हजरत निजामुद्दीनला जाते. किलोचा दर कमी पडत होता. पण १०० किलोच्या वर गेलेला नग रेल्वे अवजड धरते आणि दर वाढतो, म्हणजे खोक्यासकट वजन शंभराच्या आत ठेवावं लागणार. शिवाय दिल्लीत उतरवून डेहराडूनची दुसरी सोय बघायची, आणि तिथं आपलं माणूस कोण? माल दिल्लीतल्या गिऱ्हाइकाला जायचा असता तर मी रेल्वेच म्हटलं असतं.

मग तासगावच्या बेदाण्याची गाडी. दिल्लीला बेदाणा नेणाऱ्या ट्रकमध्ये कोपऱ्यात टाकायचा, ड्रायव्हरला हजार-बाराशे द्यायचे. पुतण्याचा मित्रच व्यापारी. त्यानं एका वाक्यात विषय संपवला: "तुमच्या ग्रीसचा वास माझ्या बेदाण्याला लागला तर गिअरबॉक्सच्या किमतीत भागणार नाही." कापडाच्या गठ्ठ्याची गोष्ट त्याला सांगितलेली नव्हती, तरी त्याला आधीच सगळं कळलेलं होतं.

राहिला तोच ट्रान्स्पोर्ट. त्यातही दोन वाटा: गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस वेगळे करून दोन नग करायचे, की जोडलेलेच नीट बांधायचे. मी वेगळे करा म्हणत होतो. फ्लॅन्जवरचा भार संपला, वजनंही चाळीस-पंचेचाळीसवर आली. आबांनी मागचं झाकण उघडून मला दाखवलं. या जातीच्या गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट मागं ट्रान्स्फर केसमध्ये घुसलेला असतो, त्याच्या टोकावर ट्रान्स्फरचा गिअर नटानं आवळलेला. वेगळं करताना शाफ्ट जरा मागं सरकला की आतली सिंक्रोची जुळणी निसटते आणि बारीक तुकडे गिअरबॉक्सच्या तळाशी पडतात. जुने मेकॅनिक शाफ्ट तारेनं पुढं ओढून धरतात आणि मग काढतात. आबांना ते जमतं. डेहराडूनच्या मेकॅनिकला जमेल का, हे व्हिडिओ कॉलवर विचारलं तर तो म्हणाला, "देख लेंगे." आबा फोन ठेवून म्हणाले, "देख लेंगे म्हणजे न्हाई."

गोदामातली संध्याकाळ

मला वाटत होतं की प्रश्न पॅकिंगच्या मजबुतीचा आहे. पुतण्यानंही तसंच धरलं होतं. त्यानं कागदावर एक भक्कम खोकं काढलं: १०० बाय ७५ बाय ७० सेंटिमीटर, चारही बाजूंनी थर्माकोल आणि भुसा. मी ट्रान्स्पोर्टवाल्याच्या सूत्रानं मोजलं. लांबी, रुंदी, उंची गुणायची, २७,००० नं भागायचं आणि घनफुटाला १० किलो धरायचे (हा आकडा कंपनीगणिक बदलतो, विचारूनच घ्यावा). उत्तर १९४ किलो. म्हणजे ८६ किलोचा माल आणि भाडं जवळजवळ दोनशेचं. भुशाला भाडं भरायचं होतं.

पण खरा उलगडा झाला तो गोदामात. आबांचं दुसरंच काही काम होतं म्हणून संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेलो आणि आठच्या सुमाराला पुण्याची गाडी भरताना बघत बसलो. तासभर बघितलं असेल. औषधांची खोकी, पाइपचे भारे, मोटरपंप, शेतीच्या औजारांचे नग. चाळिसाच्या आतलं खोकं एक हमाल खांद्यावर घेई आणि बऱ्यापैकी हलक्या हातानं ठेवी. एक मोठं लाकडी खोकं आलं, दीडशेच्या वरचं असावं. त्याला चौघं भिडले, खाली पाइप सरकवला, बोलत-ओरडत फळीवरून चढवलं. कुठंही आपटलं नाही. आणि मग तरटात बांधलेला एक मोटरपंप आला, साठ-सत्तर किलोचा. एकानं कडेला धरून तिरपा केला, गुडघ्यावर घेतला, गाडीच्या फळीपर्यंत नेला आणि सोडून दिला. धप्प.

मी विचारलं तर तो हमाल हसला. "शंभराच्या वर आसंल तर आमी चौघं धरतो सायेब. सत्तर-ऐंशीला कोण चौघांना हाक मारत बसतंय? एकटाच ढकलतो."

बाजार समितीत पोतं ५० किलोचं असतं. पूर्वी १०० किलोचं असे, हमालांच्या संघटनांनी भांडून खाली आणलं. पन्नास हे माणसाच्या पाठीचं माप आहे. आमचा ८६ किलोचा नग त्या मापाच्या वर, पण चौघांना बोलावण्याइतका वर नाही. वर त्याला टायर चढवलेले. टायर दिसला की माणूस गडगडवतो, त्यात हमालाची काय चूक? लिव्हर बाहेर दिसला की हात आपोआप तिथंच जातो. तो लिव्हर वाकला होता तो अपघातानं नव्हे, मूठ म्हणून वापरल्यानं.

सांगली, पुणे, दिल्ली, डेहराडून. चढवणं-उतरवणं धरलं तर आमचा नग सात-आठ वेळा कुणाच्या ना कुणाच्या हातात गेला होता. १,९०० किलोमीटरच्या खड्ड्यांनी त्याचं काही बिघडलं नसावं, त्या सात-आठ वेळांनीच बिघडवलं.

काय केलं

ठरलं असं: नग जोडलेलाच ठेवायचा, आणि वजन कमी करण्याऐवजी मुद्दाम शंभराच्या पुढं न्यायचं. आकार मात्र जेवढ्यास तेवढा.

एमआयडीसीत बाहेरून मशिनं येतात त्यांच्या खोक्यांची लाकडं वखारीत मिळतात. ती ६५० रुपयांची आणली. सुतारानं खाली दोन जाड पाय दिले, मध्ये हाताएवढी मोकळी जागा, म्हणजे पॅलेट ट्रकचे (खालून माल उचलणाऱ्या हातगाडीचे) दात आत जातील आणि पाइपही सरकवता येईल. पुढं दीड इंची उभी फळी, तिला शाफ्ट जाण्याएवढं भोक. आणि इथं आबांनी जे केलं ते मला फार आवडलं. गिअरबॉक्स गाडीत ज्या चार बोल्टांवर बसतो, त्याच चार भोकांतून बोल्ट घालून त्यांनी तो उभ्या फळीला आवळला. "कंपनीनं त्याला धरायची जागा दिलीया," ते म्हणाले, "आपुन दुसरी कशाला शोधायची?" ट्रान्स्फर केसचा भार खालून लाकडी खोबणीवर घेतला आणि मध्ये साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे घातले. असा बेल्ट आमच्याकडं कुठल्याही शेडच्या मागं पडलेला असतो, फुकट.

आधी डिझेलनं धुऊन रात्रभर तोंड खाली करून टांगला होता. सकाळी खालच्या परातीत वाटीभर ऑइल निघालं. पहिल्या वेळी तेवढंच कापडावर गेलं असणार. लिव्हर काढून गोणपाटात बांधले आणि आतल्या बाजूला खिळ्याला अडकवले. लिव्हरच्या भोकाला लाकडी बूच, शाफ्टला ग्रीस आणि प्लास्टिक. चारही बाजूंना फळ्या, पण फटी ठेवून, म्हणजे आत काय आहे ते दिसेल. दिसणारं बीड माणूस जपतो असं आबांचं म्हणणं. मला खात्री नाही, पण फळ्या वाचल्या. वरून पत्र्याची पट्टी.

माप झालं ८० बाय ६० बाय ५५. सूत्रानं ९८ किलो, काट्यावर १०५. म्हणजे भाडं खऱ्या वजनावरच, हवेचं काही नाही.

सुताराचे ५००, बोल्ट-खिळे १८०, पट्टी १२०. लाकूड धरून पॅकिंग १,४५० रुपये. भाडं किलोला १७ प्रमाणे १,७८५, बिल्टी १००, हमाली १५०, आणि ५२ हजारांची किंमत जाहीर करून जोखमीचे २६०. एकूण ३,७४५. पहिल्या वेळी पॅकिंग आणि भाडं मिळून २,१५० पडले होते. या वेळी सगळा खर्च आबांनी सोसला.

कागदाचं मी केलं. जुन्या बिलाला क्रेडिट नोट (ते बिल मागं घेतल्याचा कागद), ५२ हजारांचं नवं बिल, आणि ई-वे बिल. त्यात आपण पहिला भाग भरायचा आणि ट्रान्स्पोर्टरचा आयडी टाकायचा, गाडीचा नंबर तो भरतो. गॅरेजपासून ट्रान्स्पोर्टच्या गोदामापर्यंत ५० किलोमीटरच्या आत असेल तर त्या टेम्पोचा नंबरही लागत नाही. हे सगळं करायला मला सात मिनिटं लागली, चहा थंडही झाला नव्हता. या सात मिनिटांसाठी पुतण्यानं बिल अर्ध्यावर आणलं होतं.

जाता जाता: जीएसटी नंबर नसलेल्यांनी आबांकडं बघून राज्याबाहेर माल पाठवू नये. ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सूट राज्यातल्या विक्रीला आहे. राज्याबाहेर एक नट विकला तरी नोंदणी लागते. आबांकडं नंबर होता, कारण कारखान्याला बिल द्यावं लागतं. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के झाल्यामुळे बिल करणं तरी सोपं झालं आहे. आधी १८ की २८ यावर आमचा अर्धा तास जायचा.

निकाल

अकराव्या दिवशी माल पोचला. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबानं ई-वे बिल दहा दिवसांचं होतं, ते ट्रान्स्पोर्टरनं वाढवून घेतलं. मुदत संपायच्या आधी किंवा नंतर आठ तासांत ते करता येतं. पुतण्यानं दिवस मोजून आठवणीचा फोन केला, नसता केला तर काय झालं असतं कोण जाणे.

या वेळी गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलं होतं: सही करायच्या आधी फटींतून बॅटरी मारून बघा, फोटो काढा, काही दिसलं तर पोचपावतीवर लिहा. एक पाय तुटला होता. म्हणजे कुठंतरी आपटलं होतंच. गिअरबॉक्सवर ओरखडा नव्हता. पाय तुटल्याचं त्यानं पावतीवर लिहिलं, त्याची गरज पडली नाही.

पण एक गोष्ट आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. डेहराडूनच्या गोदामात पॅलेट ट्रक नव्हता आणि गिऱ्हाईक एकटाच छोटा टेम्पो घेऊन आला होता. १०५ किलोचं खोकं टेम्पोत चढवायला माणसं मिळेनात. शेवटी त्यानं तिथंच हातोड्यानं फळ्या काढल्या, बोल्ट सोडले आणि मोकळा गिअरबॉक्स दोघांनी मिळून टेम्पोत ठेवला. वाटेत चौघं धरतील म्हणून वजन वाढवलं, आणि शेवटच्या माणसाला त्याच वजनानं अडवलं. पाना बरोबर नव्हता, तो शेजारच्या पंक्चरवाल्याकडून आणला म्हणे.

पैशाचं विचाराल तर दुसरा गिअरबॉक्स आबांना २७ हजारांना पडला होता. गिअरचे ८ हजार वजा, दुसऱ्या वेळचे ३,७४५ अधिक. पहिल्या विक्रीतला नफा यात सगळा गेला आणि वर साडेपाच हजारांहून थोडा जास्त तोटा झाला.

आता केलं तर

बिलाच्या बाबतीत दुसरं मत नाही. खिडकीवरचा सल्ला फुकट असतो, निस्तरणं आपल्याकडं येतं. पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत लिहून २६० रुपये भरले असते, तर पॅकिंग वाईट असूनही बोलायला तोंड राहिलं असतं.

पॅकिंगवर मात्र आबांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. मी अजूनही वेगळे करा या बाजूचा. आबांनी शाफ्टला पुढून एक पट्टी बोल्टानं लावून दिली, तर मागं सरकायचा प्रश्न राहत नाही. बसवण्याचा व्हिडिओ पाठवता येतो. प्रत्येक नग पन्नासच्या आत, एका माणसाच्या पाठीच्या मापात, आणि शेवटचा माणूसही अडत नाही. आबा म्हणतात, ओव्हरहॉल करून दिलेला जोड मी उघडून पाठवणार नाही, तो कुणी चुकीचा बसवला तर नाव माझं जाईल. त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. ज्याला विकायचंय त्याच्या हाताखाली मेकॅनिक कोण आहे, यावर प्रत्येक वेळी वेगळं उत्तर निघेल असं मला वाटतं.

गिऱ्हाइकाला आधी काय विचारायचं ते पुतण्यानं आता भिंतीवर लिहून ठेवलंय: गोदामात पॅलेट ट्रक आहे का, घ्यायला किती माणसं येणार, गाडी कोणती. खोक्याच्या बाहेर एक पानाही तारेनं बांधून पाठवायचं ठरलंय.

गेल्या आठवड्यात जबलपूरहून एका मागच्या अॅक्सलची विचारणा आली. ड्रमसकट तो सव्वाशेच्या वर भरतो आणि लांबीला दीड मीटर. घनफुटानं मोजला तर भाडं कुठं जाईल ते पुतण्या अजून काढतोय, आणि आबा त्याचे शाफ्ट बाहेर ओढून वेगळे बांधावेत की नाही यावर एक शब्द बोलायला तयार नाहीत.